सी ड्राइव्हमध्ये तुमचं काय आहे?

कम्प्युटर स्लो झाला, हँग व्हायला लागला किंवा एके सकाळी निळी स्क्रीन दाखवून बसला की आपल्याकडे एकच जालीम इलाज ठरलेला आहे. ‘फॉरमॅट मारून टाक.’ मग सीपीयू गाडीवर दोघांच्या मध्ये ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानातला दादा दुसऱ्याच कुणाचा तरी प्रिंटर खोलता खोलता, मान वर न करता विचारतो, ‘डेटा काय काय ठेवायचा?’ आणि तुम्ही सांगून मोकळे होता, ‘डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. बाकी काही नाही.’

मला बोलायचंय ते या ‘बाकी काही नाही’बद्दल.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरोघरी हा प्रश्न निघतोय. कुणी जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून बघतंय, कुणाचं मशीन त्यात बसत नाही म्हणून नवीन लॅपटॉप येतोय, कुणी कंटाळून लिनक्सकडे वळतंय. प्रत्येक ठिकाणी जुन्या मशीनमधून काय उचलायचं हे कुणीतरी ठरवतं. ते दुकानदाराने ठरवू नये, घरातल्या ज्याला कम्प्युटर कळतो त्याने ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमच्या घरात तो ‘ज्याला कळतो’ म्हणजे बहुधा तुम्हीच. वायफायचा पासवर्ड तुम्ही टाकून दिलात, लाइट बिल ऑनलाइन तुम्ही भरता, मग हेही तुमच्याच गळ्यात.

या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक ‘फक्त डॉक्युमेंट्स’वाल्यांचं. दुसरं त्याच्या बरोबर उलट. हे लोक घाबरून अख्खा सी ड्राइव्ह उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला जातात. मध्येच ‘ही फाइल वापरात आहे’ असा मेसेज येतो, स्किप, स्किप, स्किप करत रात्रीचे दोन वाजतात, आणि शेवटी जे हाती लागतं त्याचा काडीचा उपयोग नसतो.

उपयोग का नसतो, ते आधी सांगतो. सी ड्राइव्हमधलं विंडोज नावाचं फोल्डर तुमचं नाहीच. ते मायक्रोसॉफ्टचं आहे आणि त्यांच्या साइटवर आजही फुकट मिळतं. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर इन्स्टॉलर बनवा, झालं. तेही ताजं, अपडेट झालेलं. तुमच्या मशीनवरची गेल्या चार-पाच वर्षांची झीज झालेली प्रत जपून ठेवण्यात काय अर्थ? शिवाय सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या फाइल्सच सगळ्यात निरुपयोगी असतात. पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी रफ वही वापरतं ती. हायबरफिल म्हणजे मशीन हायबरनेट होताना रॅममधलं जे लिहून ठेवलं जातं ते. दोन्ही कित्येक जीबींच्या असतात आणि दोन्हींची किंमत दुसऱ्या मशीनवर शून्य.

प्रोग्रॅम फाइल्सचंही तेच. सॉफ्टवेअर म्हणजे फक्त त्याचं फोल्डर नव्हे. इन्स्टॉल होताना ते रजिस्ट्रीत नोंदी करतं, आपल्या काही फाइल्स इकडेतिकडे ठेवतं. नुसतं फोल्डर नव्या विंडोजमध्ये पेस्ट करून फोटोशॉप चालू होईल ही आशा सोडा. आणि विंडोजचं लायसन्स? बऱ्याचशा ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते किंवा लायसन्स तुमच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. त्याच मशीनवर परत विंडोज टाकलं की ते बहुतेक वेळा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. (तुमचं विंडोज ‘त्या’ प्रकारचं असेल तर प्रश्नच मिटला. पण मग क्रॅकसोबत आणखी काय काय घरात आलंय, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.)

‘रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या’ हा सल्लाही व्हिडिओंमधून सारखा मिळतो. रजिस्ट्रीत तुम्ही स्वतः हात घालणार असाल तर घ्या, जरूर घ्या. जी नोंद बदलणार ती आधी एक्स्पोर्ट करा. पण नवीन विंडोज टाकणार असाल तर जुन्या विंडोजची रजिस्ट्री त्यावर ओतणं म्हणजे नव्या घरात राहायला जाताना जुन्या घराचं वायरिंग उपटून नेण्यासारखं आहे. एक गंमत बघा. पूर्वी विंडोज स्वतःहून रजिस्ट्रीची एक प्रत काढून ठेवायचं. २०१८च्या एका अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने जागा वाचवायला तेही बंद केलं. ते फोल्डर आजही दिसतं, आतल्या फाइल्सची नावंही दिसतात, साइज मात्र शून्य. म्हणजे ‘तिथे आहे की बॅकअप’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी छान सापळाच.

तर मग ठरवायचं कसं? फाइल सिस्टिमची आहे की माझी, हा प्रश्न मुळात चुकीचा आहे, कारण तो फोल्डरच्या नावावरून ठरतो. मी एकच प्रश्न विचारतो. ही गोष्ट मला दुसरीकडून परत मिळेल का? मिळणार असेल तर ती कितीही महत्त्वाची असो, सोडा. मिळणार नसेल तर ती कुठल्याही अगम्य फोल्डरमध्ये पडलेली असो, उचला. या प्रश्नाने अख्ख्या सी ड्राइव्हची चाळणी केली तर विंडोज जवळपास सगळं गळून पडतं आणि भलत्याच कोपऱ्यांतून तुमच्या मौल्यवान गोष्टी वर येतात.

इंजिनीअरिंगवाल्यांपासून सुरुवात करू. फायनल इयरचा प्रोजेक्ट पीएचपीमध्ये केला असेल तर तो कुठे आहे? डॉक्युमेंट्समध्ये नाही. तो झॅम्पच्या फोल्डरमध्ये, एचटीडॉक्सच्या आत आहे आणि झॅम्प थेट सी ड्राइव्हवर बसलेलं आहे. दुकानातल्या दादाच्या दृष्टीने ते एक सॉफ्टवेअर, म्हणजे उडवायची गोष्ट. तुमच्या दृष्टीने ते एक वर्ष. त्यातही कोड निदान ग्रुपमधल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर किंवा गिटहबवर सापडेल. डेटाबेस सापडणार नाही. तो मायएसक्यूएलच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये असतो, आणि तिथलं तुमच्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर नुसतं कॉपी केलं तर नव्या मशीनवर टेबलांची नावं दिसतात पण टेबल उघडत नाहीत. कारण त्यांचा बराचसा हिशेब शेजारच्या दुसऱ्याच फाइलमध्ये असतो. म्हणून मशीन चालू आहे तोवर पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन डेटाबेस एक्स्पोर्ट करून घ्या. काही केबींची फाइल निघेल. व्हायव्हाच्या आदल्या रात्री तिची किंमत कळते.

घरात दुकान किंवा छोटा धंदा असेल तर पुढचा नंबर टॅलीचा. टॅलीचा डेटा बाबांच्या डॉक्युमेंट्समध्ये शोधून सापडणार नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये तो टॅलीच्याच फोल्डरात असायचा, नव्यात सहसा पब्लिक नावाच्या युजरखाली असतो. हे फोल्डर कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. सॉफ्टवेअर परत टाकता येईल, लायसन्स परत मिळेल. पण तीन वर्षांच्या एंट्र्या? त्या परत मारायला कुणीतरी रात्र रात्र बसणार, आणि बिलं सापडली तर. टॅलीत बॅकअपचं स्वतःचं ऑप्शन आहे, त्यानेच घ्या. त्याआधी बाबांना विचारा की डेटा नक्की कुठे ठेवलाय. अकाउंटंट काकांनी मध्ये कधीतरी तो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेला असू शकतो.

आता फॉन्ट. इथे मला जरा थांबायचंय, कारण बॅकअपवरच्या इंग्रजी लेखांत ही गोष्ट कधीच येत नाही आणि मराठी घरात मात्र हमखास निघते. विंडोजच्या आतलं फॉन्ट्स हे फोल्डर म्हणजे शंभर टक्के सिस्टिम फोल्डर. कुणीही सांगेल, सोडून द्या. पण आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, आईचा पंधरा वर्षांपूर्वीचा एम. फिल.चा प्रबंध, सोसायटीचे जुने ठराव, काकांच्या डीटीपीच्या धंद्यातल्या लग्नपत्रिका, हे सगळं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा शिवाजी यांपैकी कुठल्या तरी फॉन्टमध्ये असतं. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. म्हणजे काय? त्या फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नाहीतच! आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फक्त त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवलेत. मुखवटा म्हणजे तो फॉन्ट. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, आणि उरते ती कंस, टक्के, कॅपिटल, स्मॉल यांची भेळ. फाइल सुखरूप आहे, उघडतेही आहे, फक्त वाचता येत नाही.

बरं, हे सगळे मुखवटे सारखेही नाहीत. एका फॉन्टमध्ये ज्या इंग्रजी अक्षरावर ‘क’ बसलाय, त्यावर दुसऱ्यात भलतंच काही बसलेलं असतं. त्यामुळे ‘टाक कुठला तरी मराठी फॉन्ट’ हे चालत नाही, तोच लागतो. काही जुन्या सॉफ्टवेअरना तर डोंगल लागायचा, आणि तो डोंगल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे देवच जाणे. म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये जा आणि विंडोजसोबत न आलेले फॉन्ट वेगळे काढा. अलीकडच्या विंडोजमध्ये काही फॉन्ट फक्त त्या युजरपुरते टाकले जातात आणि ते अ‍ॅपडेटाच्या आत वेगळ्या ठिकाणी असतात, तिथेही डोकवा. पण नुसत्या फॉन्टच्या फाइलवर विसंबू नका. त्याच मशीनवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. आणि वेळ मिळेल तसं कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार यांची थोडीफार वाट लावतात, प्रूफ वाचावंच लागतं. आजोबा घरात असतील तर ते वाचतील की, आवडीने.

टायपिंगचंही तसंच. गुगलचं मराठी टाइप करायचं विंडोजवरचं ऑफलाइन टूल किती जणांच्या घरी अजून चालू आहे, बघा. ते गुगलने अधिकृतपणे देणं कधीच बंद केलंय. त्यामुळे फॉरमॅटनंतर लोक कुठल्या कुठल्या साइटवरून ते डाउनलोड करतात आणि सोबत काय येतं ते कुणाला ठाऊक नसतं. ‘इन्स्टॉलर ठेवायची गरज नाही, नेटवर मिळतो’ हा नियम इथे मोडतो. जे नेटवर मिळायचं बंद झालंय त्याचा मूळ इन्स्टॉलर तुमच्याकडे असेल तर ती तुमचीच फाइल समजा. (तसं विंडोजमध्येच आता मराठी फोनेटिक कीबोर्ड येतो आणि तो वाईट नाही. पण सवय ही सवय असते, ती बाबांना कोण सांगणार!)

आता अ‍ॅपडेटा. हे फोल्डर तुमच्या युजर फोल्डरच्या आत असतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून लिहा, की त्यातला रोमिंग नावाचा भाग उघडतो. एक पायरी वर गेलात की शेजारी लोकल दिसेल. यातलं नव्वद टक्के कचरा आहे, हे आधीच सांगतो. कॅश, लॉग, जुन्या अपडेटचे अवशेष. म्हणून अख्खं उचलू नका. पण त्या कचऱ्यात रत्नं आहेत. माइनक्राफ्टमध्ये धाकट्या भावाने दोन वर्षं खपून बांधलेलं जग तिथे आहे. वर्डला तुम्ही शिकवलेले शब्दसुद्धा तिथेच आहेत. आपली आडनावं, गावांची नावं इंग्रजीत लिहिली की वर्ड खाली लाल रेघ मारतं आणि आपण वैतागून ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ करत राहतो. तो सगळा शब्दकोश म्हणजे एक पिटुकली फाइल. गेली तर जग बुडत नाही, पण मग लाल रेघा परत पहिल्यापासून.

ब्राउझरबद्दल मात्र बरेच जण फसतात. क्रोमचं प्रोफाइल फोल्डर कॉपी केलं की पासवर्डही आले असं वाटतं. नाही येत. क्रोम ते पासवर्ड तुमच्या विंडोज अकाउंटशी बांधलेल्या कुलपात ठेवतं. ते विंडोज पुसलं की किल्ली गेली, मग फोल्डर असून नसल्यासारखं. फायरफॉक्सचं प्रोफाइल उचललं तर पासवर्ड आणि किल्ली दोन्ही सोबत येतात, जे सोयीचं आहे आणि म्हणूनच धोक्याचंही. सिंक चालू असेल तर हा प्रश्न नाही, पण घरच्या सामायिक कम्प्युटरवर आई-बाबा बहुतेक वेळा क्रोममध्ये लॉग-इन केलेले नसतात. तेव्हा फॉरमॅटच्या आधी सेटिंगमधून पासवर्ड एक्स्पोर्ट करावे लागतात. लक्षात ठेवा, ती फाइल उघडी असते, कुणीही वाचू शकतं. काम झालं की लगेच डिलीट करा. बँकेच्या पासवर्डसकट ती पेन ड्राइव्हवर पडून राहिली आणि तोच पेन ड्राइव्ह तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात दिलात, असं नको.

सिस्टिमच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी मी आवर्जून ठेवायला सांगेन. पहिली, वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर. बाकी सगळे ड्रायव्हर इंटरनेटवरून येतात, पण इंटरनेटच ज्याच्यामुळे चालू होतं तो ड्रायव्हर इंटरनेटवरून कसा येणार? विंडोज ११ तर इन्स्टॉल होतानाच नेट मागतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

दुसरी गोष्ट ही फाइल नसून ४८ आकडे आहेत. बिटलॉकरची रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं की डिस्क अनेकदा न विचारता एन्क्रिप्ट होते, आणि २०२४च्या शेवटी आलेल्या विंडोज ११च्या आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये हे आणखी सर्रास झालं. चोरी झाली तर हे चांगलंच आहे. पण मदरबोर्ड बदलला, बायॉस अपडेट झाला, की मशीन तुम्हालाच चोर समजून ते ४८ आकडे मागतं. की नसेल तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावूनही काही मिळत नाही. दुकानदारही हात वर करतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन असते, पण ते अकाउंट कुठल्या ईमेलवर काढलं होतं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलानेच काहीतरी काढून दिलं होतं ना? आजच शोधा, कागदावर लिहा आणि तो कागद घरातली कागदपत्रं जिथे असतात त्या फाइलमध्ये लावा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

हे सगळं ठेवायचं कुठे? डी ड्राइव्हवर नाही! हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. बहुतेक घरांत सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. एका खोलीतून दुसरीत सामान हलवलं म्हणून इमारत पडल्यावर ते वाचत नाही. आणि एसएसडी तर जुन्या हार्ड डिस्कसारखी खरखर करून आधी सांगतही नाही. शिवाय त्यावर डिलीट झालेलं परत मिळणं फार कठीण, कारण ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा साफ करायला घेते. ‘रिकव्हर करून देतो’ हा दुकानदाराचा शब्द हार्ड डिस्कच्या काळात बऱ्यापैकी खरा होता. आता तितका राहिलेला नाही.

‘माझं सगळं वनड्राइव्हवर आहे’ म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सांभाळतं, तेही फुकटात पाच जीबीपर्यंत. झॅम्प, टॅली, फॉन्ट, अ‍ॅपडेटा यांतलं काहीही त्यात जात नाही. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट केलंत की तिथेही डिलीट होतं. रिसायकल बिनमध्ये काही दिवस राहतं, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. बाहेरची हार्ड डिस्क घ्याच, पण ती कायम मशीनला लावून ठेवू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हापासून रॅन्समवेअरची रीत सगळ्यांना माहीत झालीय. जोडलेलं जे जे दिसेल ते ते कुलूपबंद. कपाटात ठेवलेली डिस्क त्याला दिसत नाही.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो घेणारे मूर्ख नाहीत. ‘एवढी चाळणी कशाला? अख्ख्या डिस्कची इमेज काढायची, क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर आहे, काही विसरायची भीतीच नाही.’ मान्य. ज्याला त्याच मशीनवर, होतं तसंच सगळं, तासाभरात परत हवंय त्याने इमेज जरूर काढावी. डीटीपीवाल्या काकांसाठी तर मी इमेजच सुचवेन, कारण त्यांच्याकडची निम्मी सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल होतील याची खात्री त्यांनाही नाही. पण घरी फॉरमॅट करतात तो बहुतेक वेळा मशीन बिघडलंय म्हणून. बिघडलेल्याची इमेज म्हणजे बिघाडासकट प्रत. व्हायरससकट, त्या सात टूलबारसकट. आणि वेगळ्या कंपनीच्या नव्या लॅपटॉपवर ती टाकायची म्हटलं तर कटकटी सुरू. घाबरलेल्या माणसाला इमेज सोपी वाटते कारण त्यात काही ठरवावं लागत नाही. मग अशा चार इमेजा डिस्कवर साठतात, आणि टॅलीचा चालू डेटा त्यांतल्या कुठल्या इमेजमध्ये आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

लिनक्स वापरणारे मित्र हे वाचून हसत असतील. हसा. तुमच्याकडे स्वतःचं सामान होममध्ये आणि सिस्टिमची सेटिंग इटीसीमध्ये, अशी शिस्त आहे. तरी होममधली टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डर्स उचललीत का तेवढं बघा. एसएसएचच्या किल्ल्या त्यातच असतात.

बॅकअप झाला म्हणजे काम झालं असंही नाही. गिटलॅब ही कंपनी कोड सांभाळण्याचाच धंदा करते. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या एका इंजिनीअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्या वेळी कंपनीनेच जाहीर केलं की पाचपैकी एकही भरवशाची निघाली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांच्याकडे पगारी माणसं होती. आपल्याकडे तुम्ही आहात. तेव्हा फॉरमॅट मारायच्या आधी ती बाहेरची डिस्क मित्राच्या लॅपटॉपला लावा आणि उघडून बघा. डेटाबेस इम्पोर्ट होतोय का, आजोबांची पीडीएफ वाचता येतेय का, टॅलीचा बॅकअप रिस्टोअर होतोय का. मित्राचाच लॅपटॉप का? कारण तुमच्या मशीनवर तो फॉन्ट आहेच, तिथे सगळं छानच दिसणार.

घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र यादी पुरी होत नाही. ‘कम्प्युटरमध्ये तुमचं काय आहे?’ असं विचारलंत तर आई म्हणेल, ‘माझं काही नाही.’ ‘कम्प्युटरवर तू काय काय करतेस?’ असं विचारा. मग भिशीचा हिशेब निघेल, स्टिकी नोट्समधले गॅसचे नंबर निघतील, कुठल्या तरी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं भरतकामाचं डिझाइन निघेल, ज्याची फाइल त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये सेव्ह होते. फाइल कुठे आहे ते तुम्ही शोधाल. ती आहे, हे फक्त तिलाच माहीत असतं.

एवढं सगळं उचललं तरी फोटो आणि व्हिडिओ वगळता ते बहुतेक घरांत एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतं. वेळ लागतो तो कॉपी करायला नाही, शोधायला, आणि तोही पहिल्यांदाच. शोधलेल्या जागा एका कागदावर लिहून ठेवल्या की पुढच्या वेळी अर्ध्या तासाचं काम. जगभरात ३१ मार्च हा वर्ल्ड बॅकअप डे म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या रात्री वर्षाचे हिशेब बंद करायला बाबा टॅलीसमोर बसलेले असतातच, त्यांच्या शेजारी हार्ड डिस्क घेऊन बसा. ज्यांचं सबमिशन त्याच्या आत आहे त्यांनी मात्र मार्चची वाट बघू नका, डेटाबेस आज रात्रीच एक्स्पोर्ट करा.